मांडीवर न मावणारा लॅपटॉप

लॅपटॉप या शब्दाची फोड केली तर 'मांडीवर ठेवायचं यंत्र' असा काहीतरी अर्थ निघतो. माझा लॅपटॉप मांडीवर ठेवायचा तर आधी मांडीचा विमा काढावा लागेल. १७ इंची पडदा, साडेतीन किलोच्या आसपास वजन, वर किलोभर वजनाचा अ‍ॅडॅप्टर. या अ‍ॅडॅप्टरला लोक 'वीट' म्हणतात. विठोबाला उभं राहायला पुरेल एवढी ती आहेच, फक्त तासाभरात इतकी तापते की विठोबा खाली उतरून चालू लागेल.

अशा यंत्रांना बाजारात 'डेस्कटॉप रिप्लेसमेंट' म्हणतात. म्हणजे उचलता येतो, पण उचलावासा वाटत नाही. मग घ्यायचा कशाला, हा प्रश्न मला मित्रांनी, सासऱ्यांनी आणि विमानतळावरच्या सिक्युरिटीवाल्यांनी, सगळ्यांनी विचारून झालाय. उत्तर दोन शब्दांचं आहे : भाड्याचं घर. २०११ ते २०१८ या सात वर्षांत मी सहा घरं बदलली. तीन बंगलोरला, एक हैदराबादला, दोन पुण्यात. पहिल्या दोन वेळा डेस्कटॉपचा डबा, मॉनिटर, यूपीएस आणि वायरींचा गुंता टेंपोत घालून नेला. तिसऱ्या वेळी ठरवलं की आता जे काय असेल ते एका सॅकमध्ये मावलं पाहिजे. शिवाय लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते, म्हणजे वीज गेली की यूपीएसची ती जीवघेणी पीं-पीं नाही. आणि मला गेम खेळायला आवडतात. (हे कारण मी शेवटी लिहिलंय, पण क्रमांक तोच नाही.)

तर २०१८ साली हे धूड घरी आलं. प्रोसेसर इंटेलचा आय-७ ८७५०एच, म्हणजे सहा कोअर. ग्राफिक्स एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७०. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी तिच्या लॅपटॉपच्या गरम डोक्याविषयी बरंच बोलणार आहे.

आता थोडा इतिहास. कंटाळा येणाऱ्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिपला तिच्या छापील वेगापेक्षा जास्त पळवणं. हे चालतं कारण कारखान्यातून निघणाऱ्या सगळ्या चिप सारख्या नसतात. एकाच साच्यातल्या मोदकांतही एखादा फाटतो, एखादा सुबक निघतो, तसंच. कंपनीला मात्र सगळ्यांवर एकच आकडा छापायचा असतो, म्हणून ती सगळ्यांना झेपेल असा सांभाळून आकडा छापते. त्या छापील आकड्याच्या आणि तुमच्या चिपच्या खऱ्या ताकदीच्या मध्ये जी फट उरते, ती शोधायची म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए यात अजरामर झाला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायला लागायचा, आणि बऱ्याच लोकांकडे तो विनातक्रार पळायचा. २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर तर शाळेतल्या पेन्सिलीने काम व्हायचं. चिपवर 'ब्रिज' नावाचे बारीक तुटके ठिपके असत. शिसपेन्सिलीचं ग्राफाइट वीज वाहून नेतं, म्हणून त्या ठिपक्यांवर रेघ ओढली की मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं. पाच रुपयांच्या पेन्सिलीने पाच हजारांचा माल दहा हजारांचा! मध्यमवर्गीय मराठी माणसाला याहून गोड व्यवहार कुठला?

पण २००४ साली ही गाडी भिंतीवर आपटली. पेंटियम ४ ला पळवत पळवत इंटेल ४ गिगाहर्ट्झच्या उंबरठ्यावर आली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम रद्द केला, आणि कंपनीचे त्या वेळचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका जाहीर कार्यक्रमात चक्क गुडघे टेकून माफी मागितली (गमतीने, पण टेकले). अडलं होतं ते उष्णतेपाशी. गंमत म्हणजे त्याच सुमाराला काही धाडसी लोक तोच तापट डेस्कटॉपचा पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये कोंबत होते. डेलचा २००४ चा इन्स्पिरॉन एक्सपीएस घ्या, किंवा तैवानच्या क्लेव्हो कंपनीचा डी९००टी घ्या. माझ्या धुडाचे हे पणजोबा. बॅटरी नावापुरती, वजन भाजीच्या पिशवीएवढं आणि मागच्या जाळीतून येणाऱ्या वाफाऱ्यावर पापड वाळावेत. डेस्कटॉप रिप्लेसमेंट ही जमात जन्मालाच उष्णतेशी भांडत आली.

हे भांडण समजून घ्यायला एकच सूत्र पुरतं. चिप चालताना जी वीज खाते ती साधारणपणे वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वर्ग हा शब्द इथे महत्त्वाचा. समजा तुम्ही वेग १० टक्के वाढवलात आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज ८ टक्के वाढवावं लागलं. तर विजेचा खप वाढला २८ टक्के! कमाई दहा टक्के, खर्च अठ्ठावीस टक्के. आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

डेस्कटॉपमध्ये हा खर्च परवडतो. तिथे नॉक्टुआचा एनएच-डी१५ सारखा एखादा कूलर बसवता येतो. तो एकटा पंख्यांसकट १.३ किलोचा आहे. म्हणजे माझ्या अख्ख्या लॅपटॉपच्या एक तृतीयांशाहून जास्त वजनाचा नुसता थंड करणारा लोखंडी... सॉरी, अ‍ॅल्युमिनियमचा डोंगर. लॅपटॉपमध्ये त्याच कामाला असतात काही चपट्या तांब्याच्या नळ्या आणि दोन पंखे, जे बघून हातपंख्याची आठवण यावी. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळीला चिकटवलेले असतात. एक तापला की शेजारी पण तापतो. चाळीतल्या भिंतींसारखं.

म्हणून डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर एकच नाव छापलेलं असलं तरी आत तोच माल असेल असं नाही. २०१६ साली जीटीएक्स १०७० आलं तेव्हा फरक बऱ्यापैकी कमी होता. डेस्कटॉपचं कार्ड १५० वॅटचं, आणि लॅपटॉपमधलं त्याच्या बरंच जवळ जाणारं. आरटीएक्स ४०९० मध्ये मात्र डेस्कटॉपचं कार्ड ४५० वॅटचं आणि लॅपटॉपचं जास्तीत जास्त १७५ वॅटचं. आतली चिपसुद्धा वेगळी, डेस्कटॉपच्या ४०८० मधली. नाव सारखं, पाटी सारखी, दुकान वेगळं. घेताना नावाबरोबर वॅटचा आकडा विचारा. दुकानदार गोंधळेल, पण विचारा.

आणि आता आपला देशी मुद्दा. परदेशी रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं असतं, 'पूर्ण भार टाकल्यावर प्रोसेसर ८५ अंशांवर राहिला.' ते मोजमाप २०-२२ अंशांच्या खोलीत बसून केलेलं असतं. पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. तो फक्त हवेच्या वर किती अंश चढायचं ते ठरवतो. तिकडची २२ वरून ८५ म्हणजे ६३ अंशांची चढण. पुण्यात एप्रिलच्या दुपारी खोली ३७ अंशांवर असते. त्यात ६३ मिळवा, झाले १०० पूर्ण. आणि ८७५०एच साठी १०० हीच लक्ष्मणरेषा. ती आली की प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कापतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे ४.१ गिगाहर्ट्झचे पैसे मोजायचे आणि उन्हाळ्याचे तीन महिने ३ च्या खालची चाल बघायची. २०१८ च्या जुलैत आय-९ वाल्या मॅकबुक प्रोच्या थ्रॉटलिंगवरून जगभर बोंबाबोंब झाली होती, आणि एका यूट्यूबवाल्याने तो चक्क फ्रीझरमध्ये ठेवून दाखवला होता. मी फ्रीझर उघडून बघितला. आत मटार होते.

मग सुरू झाली माझी छेडछाड. क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. फुकटातलं आधी, धोक्याचं शेवटी.

पहिला उपाय : पाण्याच्या बाटलीची चार बुचं. लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली दोन-दोन ठेवली. हवा खालून ओढली जाते, आणि खालची फट जेमतेम बोटभर असते. नुसतं उचलल्याने माझ्याकडे चार-पाच अंश उतरले. खर्च शून्य. हजार-दोन हजारांचे निळे दिवे लावलेले कूलिंग पॅड विकत घेण्याआधी बुचं लावून बघा.

दुसरा उपाय : धूळ. आमची खिडकी रस्त्याकडे आणि समोर बांधकाम. (पुण्यात कुणाच्या समोर बांधकाम नाही?) सहा महिन्यांत पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये गोधडीसारखा थर जमला होता. झाकण उघडून, पंखा बोटाने धरून, ब्रशने साफ केला. पंखा धरायचा कारण हवेच्या झोतात तो गरागरा फिरला तर बेअरिंग जातं.

तिसरा उपाय : पेस्ट. चिप आणि तांबं यांच्यामध्ये उष्णता नेणारा एक मलमासारखा थर असतो. लॅपटॉपमध्ये चिपवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, उघडी काचेसारखी चिप आणि तिच्यावर थेट तांबं. तापणं-निवणं, तापणं-निवणं, याने पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मधे कोरडं पडतं. त्यासाठी हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखे पातळ कागदी पॅड मिळतात. ते खोलीच्या तापमानाला घट्ट असतात आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन भेगा भरतात, पळून जात नाहीत. लिक्विड मेटल त्याहून कितीतरी चांगलं उष्णता नेतं. पण ते गॅलियमचं मिश्रण. त्यातून वीज वाहते आणि ते अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. एक थेंब ओघळला की मदरबोर्डची उत्तरक्रिया. मी त्या वाटेला गेलो नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच : स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे (तांब्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ते नक्षी नसते), आणि मेमरीवरचे थर्मल पॅड बदलले तर जाडी तीच हवी. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी तांबं चिपवरून उचललं जातं.

चौथा उपाय : व्होल्टेज. ८७५०एच चा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे, तो छापील वेगापेक्षा वर जात नाही. पण व्होल्टेज खाली आणता येतं. थ्रॉटलस्टॉप नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये मी दहा-दहा मिलिव्होल्टने उतरत गेलो, दर पायरीवर तासभर कसून चाचणी. १४० ला मशीन गोठलं, म्हणून १२० वर थांबलो. मघाचं सूत्र आता उलटं वाचा. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर वीज १९ टक्के उतरते, आणि वेग तोच राहतो! फुकट. हीच ती सेलेरॉनच्या काळातली फट, फक्त दुसऱ्या दिशेने वापरलेली.

पाचवा : ग्राफिक्स. तिथे एमएसआय आफ्टरबर्नर लावून कोअर १५० मेगाहर्ट्झ वर नेला. खरंखुरं ओव्हरक्लॉकिंग. खेळात आठ-नऊ टक्के फ्रेम वाढल्या. डोळ्याला काही कळलं नाही, पण मनाला फार बरं वाटलं :)

एवढं सगळं झाल्यावर २०१९ चा अख्खा उन्हाळा ते धूड थ्रॉटल न होता पळालं. शुक्रवारी रात्री हेडफोन लावून मी खेळायचो. पंखे जोरात ओरडायचे. ओरडू देत, मला कुठे ऐकू येतंय?

२०२१ साली मात्र घरातला कारभारच बदलला. लेक झाली. बायको इंटिरियर डिझायनर. बाळंतपणानंतर तिने फर्मची नोकरी सोडली आणि घरूनच स्वतंत्र कामं घ्यायचं ठरवलं. पहिलं काम मिळालं कोथरूडमधल्या एका टू बीएचकेचं. क्लायंटला नुसते नकाशे दाखवून चालत नाही, हॉल कसा दिसेल ते फोटोसारखं चित्र लागतं. ते चित्र कॉम्प्युटरवर रेंडर करायचं, आणि रेंडरसाठी घरात दम असलेलं यंत्र एकच. माझं धूड. त्याचं पद त्या दिवशी बदललं. खेळणं होतं, ते कमावतं झालं.

अडचण साधी होती. आमचं घर वन बीएचके. बायकोला कामाला बसता यायचं ते लेक झोपलेली असताना, म्हणजे दुपारचे दीड-दोन तास आणि रात्रीचे काही. रेंडर लावला की दोन मिनिटांत पंखे किंचाळायला लागायचे आणि लेक उठायची. लेक उठली की काम बंद. काम बंद म्हणून रेंडर रात्री. रात्री रेंडर म्हणून परत लेक जागी. आठवडाभरात बायकोच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि ती एकदा म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून सांगते. नंतर बघू, ती शाळेत जायला लागली की."

शाळेत जायला लागली की म्हणजे तीन वर्षं. स्वतंत्र काम करणाऱ्याचं पहिलं काम सुटलं की दुसरं सहसा येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं नवीन घेऊ. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचा जगभर दुष्काळ होता, किमती आकाशात. घराच्या बुकिंगचा पहिला हप्ता नुकताच भरलेला. लाख-दीड लाख आणायचे कुठून? आणि नवीन लॅपटॉप काय मौनव्रत घेऊन येणार होता? त्याचेही पंखे तेवढेच ओरडणार.

तेव्हा बायको एक वाक्य बोलली. "अरे, आवाजाचं काही नाही. तो मधेच ओरडतो ना, त्याचं आहे."

मी आलेख उघडून बघितला आणि ती शब्दशः खरं बोलत होती. लेक छताच्या पंख्याखाली, कुकरच्या शिट्ट्यांत, समोरच्या बांधकामाच्या खडखडाटात खुशाल झोपायची. तिला उठवत होता तो बदल. पंखा २५०० फेऱ्यांवरून पाच सेकंदांत ५००० वर. पंख्यांचा एक नियम आहे : फेऱ्या दुप्पट झाल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. कुजबुजीतून एकदम भांडण. आणि चिप निवली की परत खाली, मग परत वर. एखाद्याला झोपेत दर चार मिनिटांनी हाक मारावी तसं.

मग जुनीच अवजारं काढली आणि हिशेब उलटा मांडला. आधी प्रश्न असायचा, 'चिप जास्तीत जास्त किती पळेल?' आता प्रश्न होता, 'पंखा ३००० फेऱ्यांवर एकदा लावून ठेवला आणि तिथून हलूच दिला नाही, तर तेवढ्या हवेत किती काम होईल?' प्रोसेसरच्या विजेला ३० वॅटची मर्यादा घातली. आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज आणि वेगाचा आलेख हाताने वाकवता येतो. त्यात ग्राफिक्सला ०.८ व्होल्टवर बांधलं. तेवढ्यातही ते १६०० मेगाहर्ट्झच्या वर चालत राहिलं, कारण ही चिप कुठे दम खाते आणि कुठे नाही हे मला दोन वर्षांच्या खटाटोपातून पाठ होतं. ज्या फटीतून मी आधी नऊ टक्के वेग काढला होता, तीच फट आता शांततेसाठी वापरली.

निकाल? हॉलच्या ज्या चित्राला पूर्वी ४० मिनिटं लागायची त्याला आता ४७ लागायला लागली. सात मिनिटं जास्त. आणि सलग, एकसुरी, हलकी घरघर. छताच्या पंख्यात मिसळून जाणारी. त्या दुपारी लेक पावणेदोन तास झोपली. कोथरूडचं काम वेळेत गेलं. मग त्याच सोसायटीतलं दुसरं आलं.

४७ मिनिटांचं कोडं मघाच्या सूत्रातच आहे. वेगाचे शेवटचे काही टक्के सगळ्यात महाग असतात, कारण तिथे व्होल्टेज चढतं आणि वर्ग लागतो. ते सोडून दिले की विजेची आणि आवाजाची बरीच किंमत वाचते. लॅपटॉपवाल्या कंपन्या ते शेवटचे काही टक्के सोडत नाहीत, कारण रिव्ह्यूतल्या तक्त्यात तेवढेच दिसतात. झोपलेल्या बाळाचा कॉलम त्या तक्त्यात नसतो.

एक गुंता मात्र सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगायलाच हवा. २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला जाहीर केला. प्रोसेसरचं व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित तिजोरीतल्या किल्ल्या काढता येतात, असं त्यांनी दाखवून दिलं. इंटेलने व्होल्टेजचं बटण बंद करता येईल अशी दुरुस्ती दिली, आणि त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपवाल्यांनी बायोसच्या अपडेटमधून ते बटण कायमचं बंद केलं. माझ्यापुढे प्रश्न : अपडेट घ्यायचं की नाही? त्या हल्ल्यासाठी हल्लेखोराकडे आधीच यंत्राचे पूर्ण अधिकार लागतात, आणि आमच्या घरात एसजीएक्स कुणी वापरत नाही. मी बायोसमधून एसजीएक्स बंद केलं, जुना बायोस ठेवला, बाकी विंडोजची अपडेटं काटेकोर. ऑफिसचं काम ऑफिसच्या यंत्रावर. क्लाउडवाल्यांनी माझ्या जागी वेगळं ठरवलं असतं आणि ते बरोबरच असतं. पण हा निर्णय माझ्या टेबलावर बसून मला घेता आला, याचं मोल मला जास्त वाटतं.

माझे मामा इचलकरंजीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. यंत्रमागांच्या जळक्या मोटरींचा ढीग कायम दारात. दिवाळीत घरी आले होते. मी खोललेला लॅपटॉप बघून त्यांनी तांब्याच्या नळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती तापतंय?" मी म्हटलं, आधी ९५, आता ७५. मामा खूश झाले. "मोटर एका दिवसात जळत नसती बाळा. रोज थोडी थोडी शिजती. धा डिग्री कमी केलास तर आयुष्य डबल." हा त्यांचा दुकानदारी आडाखा नव्हे. वायंडिंगच्या इन्सुलेशनसाठी इंजिनियरही हाच ठोकताळा वापरतात, कपॅसिटरसाठीसुद्धा. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी आऱ्हेनियसचं समीकरण दोनदा घोकलं असेल. मामांनी ते चटके खाऊन शिकलं होतं.

बॅटरीलाही तेच लागू. डेस्कटॉपसारखा वापर म्हणजे चार्जर कायम लावलेला. लिथियमची बॅटरी कायम १०० टक्के भरलेली आणि वर गरम, हे तिचं सगळ्यात आवडतं मरण. फुगली तर टचपॅड वर उचलला जातो, आणि फुगलेली बॅटरी ही चेष्टेची गोष्ट नाही, लगेच काढून योग्य ठिकाणी द्यावी. मी चार्ज ६० टक्क्यांवर अडवलाय. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो, आणखी काय हवं?

ते धूड अजून टेबलावर आहे. ८ व्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ च्या यादीत जेमतेम बसलं. ७ व्या पिढीचे बहुतेक सगळे बिचारे बाहेर राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा आधार संपला तेव्हा त्यामुळेच ते भंगारात गेलं नाही. लेक आता शाळेत जाते आणि त्याच्यावर चित्रं रंगवते. बायकोने तिच्या कमाईतून स्वतःचं वेगळं यंत्र घेतलंय. घेताना दुकानदाराला तिने पहिला प्रश्न विचारला, "पंख्याचे आरपीएम हाताने ठरवता येतात का?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मित्र विचारतात, एवढी खटपट करून मिळवलंस काय? नऊ टक्के? नऊ टक्के तर मी केव्हाच परत करून टाकले. मिळाली ती यंत्राची ओळख. कंपनीने ठरवलेला वेग, कंपनीने ठरवलेला आवाज, कंपनीने ठरवलेलं आयुष्य, हे तिन्ही आकडे एका सरासरी गिऱ्हाइकासाठी असतात, आणि ते सरासरी गिऱ्हाईक आमच्या वन बीएचकेमध्ये राहत नाही. त्या आकड्यांमधली फट एकदा सापडली की ती कशावर खर्च करायची ते तुम्ही ठरवता. विशीत मी ती वेगावर केली असती. पस्तिशीत दुपारच्या झोपेवर केली.

असो. फार लांबलं. एवढं वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील तर त्यांना एकच सांगणं. स्क्रूड्रायव्हर, पेस्ट, मिलिव्होल्ट हे सगळं नंतर. मार्च उजाडायच्या आत रंगकामाचा एक मऊ ब्रश आणा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, आणि आधी ती धूळ काढा. बुचं घरात असतीलच.